मधल्या खिडकीचं पाणी

“पहिलं भरण फेकलं, मॅडम. अजून तीन,” इलाहीभाई म्हणाले आणि त्यांनी नायट्रोजनच्या सिलिंडरची चावी पुन्हा फिरवली.

“अजून दोन तास?”

“सव्वादोन धरा. साडेतीनशे मीटरवरनं यायचंय त्याला. आपन हाका मारून लवकर येत न्हाई ते.”

माझी मुलगी रेवा तेव्हा नऊ महिन्यांची होती आणि पंधरा दिवसांपूर्वी रांगायला लागली होती. हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी मी जे काही केलं, ते तिच्या रांगण्यापायी केलं.

आमचा प्रकल्प पठारावर होता. कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड टँकरने यायचा, पाण्यात विरघळवून सातशे मीटर खाली काळ्या कातळात सोडला जायचा. कातळाशी त्याचं जमावं आणि हळूहळू त्याचा दगड व्हावा, अशी कल्पना. तो खरोखर दगड होतोय की एखाद्या भेगेतून वर सरकतोय, हे बघायचं काम माझं. त्यासाठी निरीक्षणाची वेगळी बोअर होती. तिच्यात करंगळीहून बारीक स्टीलची नळी सोडलेली होती, खाली जाऊन वळून पुन्हा वर आलेली. एका टोकाने नायट्रोजनचा दाब द्यायचा की दुसऱ्या टोकाने खोलातलं पाणी वर येतं, बाहेरची हवा न लागता, त्याच्या पोटातला वायू पोटातच ठेवून. नळीत जुनं पाणी अडकलेलं असतं, म्हणून पहिली तीन भरणं फेकून द्यायची आणि चौथं ठेवायचं. असं पाणी दोन खोलींवरून घेता यायचं. सातशे मीटरच्या जागेला इलाहीभाई ‘खालची खिडकी’ म्हणायचे आणि साडेतीनशेच्या जागेला ‘मधली’. पुढे आमच्या अहवालांतही तीच नावं गेली.

खालच्या खिडकीत वायू सापडणारच, आम्हीच तर तो सोडत होतो. मधल्या खिडकीत सापडला, तर तो वर निघाला आहे. आणि गावच्या विहिरीत सापडला, तर काय करायचं, याची नियमावलीत चार पानं होती. ती मला पाठ होती. बाळंतपणाच्या रजेतसुद्धा मी ती वाचायचे. रेवाला मांडीवर पाजत पाजत.

गाव म्हणजे बोरखोल. पठाराच्या कडेला ताटलीच्या मधोमध दाबल्यासारखा एक खळगा आणि त्यात पन्नास-साठ घरं. तिथे दोन विहिरी. देवळाजवळची ती गोडी विहीर, आणि खळग्याच्या अगदी तळाशी, चिंचेखाली आहे ती आंबट विहीर. पाणी दोन्हींचं सारखंच. मी कितीतरी वेळा चाखून पाहिलं. पण चिंचेखालची म्हणून ती आंबट. त्या विहिरीपासून वीस पावलांवर बायाक्कांचं घर, आणि सोमवार ते शनिवार, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, रेवा त्या घरी असायची.

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. तो खळग्यात उतरतो आणि जमिनीलगत साचतो. मोठी माणसं उभी असतात. रांगणारं मूल जमिनीपासून वीतभर उंचीवर श्वास घेतं. मी बी.एस्सी.ला असताना आफ्रिकेतल्या एका तळ्याची गोष्ट वाचली होती. तळ्यातून असाच वायू वर आला आणि उतारावरची गावं झोपेतच गेली. तेव्हा मी ती परीक्षेपुरती वाचली होती. रेवा रांगायला लागली तशी ती मला रोज आठवायला लागली.

त्या गुरुवारी सकाळी मला उशीर झाला होता. रेवाला दात येत होते, सलग तीन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. एरवी पंधरा दिवसांतून एकदा मी स्वतः दोन्ही विहिरींचं पाणी भरायचे. पण त्याच दिवशी मधल्या खिडकीचं काम निघालं. खिडकीची झडप दीड महिना अडकलेली होती, ती आदल्या दिवशीच सुटली होती. मी बाटल्यांची पिशवी बायाक्कांच्या ओसरीवर ठेवली.

“एवढं पाणी भराल का आज? चार बाटल्या आहेत. झाकणांवर लिहिलंय, आंबट-गोड. आंबटाच्या गोडात मिसळू नका म्हणजे झालं. दुधाच्या गाडीवर द्या पाठवून.”

“भरंन की. त्यात काय शिकायचंय? चवथी झालीय माझी,” बायाक्का म्हणाल्या. रेवा त्यांच्या कडेवरून त्यांच्या नाकातली चमकी ओढत होती.

“बरं, जाते मी.”

“अवो ताई! कितींदा सांगू? जाते म्हनू नये.”

“येते.”

“हां. आता जावा.”

हे आमचं रोजचंच होतं. मी रोज विसरायचे आणि त्या रोज अडवायच्या.

दुधाची गाडी साडेअकराला वर आली. इलाहीभाईंचं दुसरं भरण चाललं होतं. मी बाटल्या घेऊन आमच्या पत्र्याच्या लॅबमध्ये गेले. दोन बाटल्यांच्या झाकणांवर ‘गो’ आणि दोनांच्या झाकणांवर ‘आं’. गोडी विहीर, आंबट विहीर. बायाक्कांनी झाकणं कशी घट्ट लावलीत, तेही मी कौतुकाने पाहिलं.

गोडीचं पाणी, पीएच सात पूर्णांक आठ. नेहमीसारखंच.

‘आं’चं झाकण फिरवलं तर फस्स झालं.

सोड्याची बाटली उघडताना होतं तसं. आतल्या काचेला बारीक बारीक बुडबुडे चिकटले होते. मी मीटर आत बुडवला आणि आकडा खाली उतरत गेला, पाण्यात वायू विरघळला की उतरतो तसा. सात. साडेसहा. सहा. तो थांबेल म्हणून मी वाट बघत राहिले. पाच पूर्णांक चारवर थांबला.

मी मीटर धुतला, प्रमाणित पाण्यात तपासला. मीटर बरोबर होता. दुसरी ‘आं’ बाटली उघडली. तीही फस्स. पाच पूर्णांक पाच.

मी निगुडकर सरांना फोन लावला. ते प्रकल्पाचे प्रमुख, त्या दिवशी पुण्याला मीटिंगमध्ये होते.

“बुडबुडे? नक्की?” त्यांनी विचारलं.

“दोन्ही बाटल्यांत, सर.”

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार लागल्याचा आवाज आला.

“हे बघ वरदा, घाबरायचं नाही. वायू सातशेवरून विहिरीत आला असेल तर तो मधल्या खिडकीवरूनच आला असणार. दुसरी वाट नाही त्याला. मधलीचं पाणी कधी येतंय?”

“दीड तास तरी लागेल.”

“मग दीड तासाने आपल्याला कळेल. तोवर गावात एक शब्द बोलायचा नाही. अफवा उठली ना, तर लोक त्या दरीच्या रस्त्याने ट्रॅक्टर भरभरून पळतील, त्यात जास्त माणसं मरतील. आणि अल्कलिनिटी काढलीस?”

अल्कलिनिटी म्हणजे पाण्यात आम्ल पचवायची ताकद किती आहे, ते मोजायचं. दहा मिनिटांची टेस्ट.

“काढते, सर,” मी म्हटलं.

आणि काढली नाही. फोन ठेवला, ॲप्रन काढला आणि बाहेर आले.

“इलाहीभाई, मला जरा खाली जावं लागतंय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इलाहीभाई तीस वर्षं बोअरच्या गाड्यांवर होते. यंत्राचा आवाज बदलला की जेवतानासुद्धा त्यांचा हात थांबायचा. माझा आवाज बदललेला त्यांना कळला असणार.

“पोरीचं काय?”

“हो.”

“जावा. पानी आलं की मी मापतो. मीटर चालवायला शिकवलंय तुमीच.”

मी आधी खोलीवर गेले. प्रकल्पाचं क्वार्टर होतं, दोन मिनिटांवर. लाल बॅग काढली. दुपटी, दुधाची बाटली, ताप उतरायचं औषध, रेवाचे चार कपडे, माझा एक ड्रेस, लसीकरणाचं कार्ड. सुजयला, माझ्या नवऱ्याला, मेसेज केला: “मी आणि रेवा आज साताऱ्याला आईकडे जातोय. नंतर सांगते.” बॅग स्कूटीच्या पायापाशी ठेवली आणि घाट उतरायला लागले.

त्या घाटात सात वळणं आहेत. प्रत्येक वळणावर मी मनात एकेक गोष्ट पक्की करत गेले. बायाक्कांना काय सांगायचं. दीडची एसटी तिठ्यावर मिळेल. स्कूटी तिथेच लावायची. सर म्हणालेत, गावात बोलायचं नाही. म्हणजे मी लपवत नाहीये. मी सांगितलेलं ऐकतेय. पाचव्या वळणावर अंगणवाडी दिसते. तिची पोरं बाहेर सतरंजीवर बसून काहीतरी खात होती. मी तिकडे बघितलं नाही. समोर रस्ता अवघड होता, असं मी नंतर स्वतःला सांगत आले.

बायाक्कांच्या ओसरीवर कोणी नव्हतं. झोळी रिकामी लोंबत होती.

“बायाक्का!”

मी चपला न काढता आत शिरले. माजघरात, खाली जमिनीवर, गोधडीवर रेवा पालथी पडली होती. एक गाल गोधडीत रुतलेला. हात पसरलेले. हलत नव्हती.

मी तिला उचललं आणि गदागदा हलवलं. मान लुळी पडली आणि मग तिने डोळे उघडले, ओठ मुडपले, आणि असा भोंगा पसरला की कौलांवरचे कावळे उडाले. मी तिचे ओठ बघितले. गुलाबी. नखं बघितली. गुलाबी. तिच्या उघड्या तोंडात खालचे दोन दात चमकत होते. एवढं छान रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

बायाक्का मागच्या दारातून धावत आल्या, हाताला भाकरीचं पीठ.

“काय झालं वो? आत्ता कुठं निजवली हुती! तासभर मांडी हलवली मी!”

“बायाक्का, हिला डॉक्टरांकडे न्यायचंय. लस राहिलीय.”

“लस? आज बेस्तरवार. लस मंगळवारी आस्ती.”

“तालुक्याला देतात. कधीही.” मी टोपडं शोधत होते. “दोन-चार दिवस आईकडे राहीन म्हणते.”

“आईकडं? साताऱ्याला?”

“हो. जाते मी.”

मी उंबऱ्याबाहेर पडले. अंगण ओलांडलं. स्कूटीपाशी पोचले, रेवाला ओढणीने पोटाशी बांधायला लागले. आणि मागून काहीच आवाज आला नाही. कोणी अडवलं नाही. मी वळून बघितलं तर बायाक्का दारात उभ्या होत्या. त्यांची नजर स्कूटीवरच्या लाल बॅगेवर होती.

त्या सावकाश चालत आल्या. टोपडं माझ्या हातात दिलं.

“काय सुटलंय वर?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. कुठे काय?”

“सकाळी जाते म्हनालीस, ती घाईनं. आत्ता जाते म्हनालीस, ती जायाला.” पहिल्यांदाच त्या मला अगंतुगं करत होत्या. “पोर झोपंत असताना उचलून हलवलीस. पायात चपला घालून माझ्या माजघरात आलीस. मी काय येडी हाय?”

रेवा अजून हुंदके देत होती.

“वायू,” मी म्हटलं. “आम्ही खाली सोडतो ना, तो... कदाचित वर आलाय. आंबट विहिरीत. अजून नक्की नाही. तो जड असतो, बायाक्का, खाली बसतो, जमिनीलगत. दिसत नाही, वास येत नाही. तुम्हाला कसं सांगू...”

“मला नगं सांगू. माझा दीर आसाच ग्येला.”

मी ओढणीची गाठ सोडली.

“आमच्या घरात विहिरी खांदायचा धंदा. सासऱ्यापासनं. उन्हाळ्यात बंद विहिरीचा गाळ काढाया उतरला, निम्म्यावर ग्येला आन् हासला म्हनं कशाला तरी. मग बसला तो बसलाच. दिवा न सोडता उतरला हुता.” त्यांनी पदराने हात पुसले. “कदी कळलं तुला?”

“तासभर झाला.”

“आन् बाकीची पोरं?”

मी रेवाच्या टोपड्याची नाडी बांधायला लागले.

“अंगनवाडीत सतरा हायती. शेवंताची तर तुझ्या पोरीच्याच वयाची, दोन दिवसांनी थोरली. ती बी रांगती.”

“सर म्हणाले, पक्कं होईपर्यंत बोलायचं नाही. लोक पळतील, अपघात होतील...”

“मग तू का पळतीयास?”

त्या चिडून बोलत नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

बायाक्का वळल्या आणि घरात गेल्या. मला वाटलं, आता त्या गावभर हाक मारणार. पण त्या बाहेर आल्या त्या एक कंदील, काडेपेटी आणि पोहऱ्याचा दोर घेऊन.

“चल. पोरगी घेऊनच चल. उंच धर.”

आंबट विहिरीच्या कठड्यावर त्यांनी कंदील पेटवला, वात मोठी केली, काच वर करून ठेवली. कंदील पोहऱ्यात बसवला आणि दोर सोडायला लागल्या. हातभर दोर सोडायचा आणि थांबायचं. हातभर आणि थांबायचं. मी नायट्रोजनचा दाब देताना असंच करते, एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. रेवा रडायची थांबून खाली बघत होती.

“हवा वाईट आसली की वात आधी निळी पडती,” बायाक्का म्हणाल्या. “मग बुटकी हुती. मग जाती.”

दिवा कपारीतल्या पारव्यांच्या घरट्यापर्यंत गेला. पिवळा. पहिल्या टप्प्याच्या दगडांपर्यंत गेला. पिवळा. अर्ध्यावर थोडा हलला, पण तो दोराला पडलेला पीळ होता. पोहरा पाण्याला टेकला. पाण्यावर दुसरा दिवा दिसला, खालून वर बघणारा. दोन्ही जळत होते.

बायाक्कांनी मनात अंक मोजले असणार, कारण त्यांचे ओठ हलत होते. मग म्हणाल्या, “न्हाई. हितं काय न्हाई.”

“पण पाण्यात होता. मी स्वतः बघितला. बाटली उघडली तर फस्स झालं.”

“फस्स तर हितंच झालं की.”

“म्हणजे?”

“भरताना. आंबटाच्या दोनीबी बाटल्या फसफसल्या. आत तळाला थेंबभर पानी हुतं तुमचं. मला वाटलं, औषिद आसंल, म्हनून वतलं न्हाई. गोडाच्या रिकाम्या हुत्या, त्या न्हाई फसफसल्या.”

मी कठड्यावर बसले.

प्रत्येक विहिरीच्या पाण्याच्या आम्ही दोन बाटल्या घ्यायचो. एक कोरी. दुसरीत आधीच आम्लाचे थेंब टाकलेले, पाण्यातले धातू तळाशी बसू नयेत म्हणून. ती वेगळ्या टेस्टसाठी पुण्याच्या लॅबला जायची. लॅबमध्ये बोलताना आम्ही कोरीला गोड म्हणायचो आणि आम्लवालीला आंबट. झाकणांवरचं ‘गो’ आणि ‘आं’ मीच लिहिलं होतं, आदल्या आठवड्यात, माझ्या हाताने. विहिरींचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. प्रत्येक विहिरीतून एक गोड आणि एक आंबट भरायची, आणि विहिरीचं नाव नंतर बाटलीच्या पोटावर लिहायचं. मी भरायला जायचे तेव्हा ते सांगायची गरजच पडायची नाही.

आणि बायाक्कांनी आंबट विहिरीचं पाणी आंबटाच्या बाटल्यांत भरलं आणि गोडी विहिरीचं गोडाच्या. दुसरं कोणी काय केलं असतं? मी तर वर म्हटलं होतं, आंबटाच्या गोडात मिसळू नका.

आपल्याकडच्या पाण्यात क्षार असतात. त्यात आम्ल पडलं की ते फसफसतं. त्यातून वायूच निघतो, तोच, कार्बन डायऑक्साइड. मी स्वतःच्या हाताने आम्ल घातलेल्या बाटल्या उघडून जमिनीखालचा वायू शोधत होते. आणि त्या आठवड्यात लहान बाटल्या संपल्या म्हणून मी मोठ्या वापरल्या होत्या, थेंब मात्र लहान बाटलीच्या मापाचे. म्हणून पाणी पुरतं आंबट झालं नाही. झालं असतं, तर आकडा इतका खाली गेला असता की शाळकरी पोरानेही विचारलं असतं, ह्यात ॲसिड कोणी टाकलं? तो नेमका माझ्या भीतीच्या आकड्यावर येऊन थांबला.

दहा मिनिटांची टेस्ट. वायूने पाणी आंबट झालं तरी त्याची आम्ल पचवायची ताकद शाबूत राहते. बाहेरून आम्ल पडलं तर तीच आधी संपते. सरांनी विचारलं होतं. मी काढते म्हटलं होतं आणि बॅग भरायला गेले होते.

हे सगळं मी बायाक्कांना सांगितलं. त्या आधी गप्प ऐकत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

“म्हंजी,” त्या म्हणाल्या, “तुमी बाटलीला आंबट म्हनता?”

“हो.”

“इतकी शिकलेली मानसं. बाटलीला आंबट म्हनता!” आणि त्या कठड्याला धरून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला आधी हसू आलं नाही, मग आलं, मग थांबेना. रेवा आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिली आणि शेवटी तीही खिदळली, आपले दोनच्या दोन दात दाखवत.

बोरखोलात रेंज फक्त आंबट विहिरीच्या कठड्यावर यायची. त्यामुळे इलाहीभाईंचा फोन तिथेच लागला.

“मॅडम, आलं मधल्या खिडकीचं पानी. चौथं भरन. मापलं.”

हसू थांबलं. दिवा, बाटल्या, सगळं समजलं होतं, तरी माझा हात रेवाच्या पाठीवर घट्ट झाला.

“किती?”

“आठ पूर्नांक नऊ. दोनदा मापलं. बुडबुडा एक न्हाई. दीड महिन्यापूर्वी हुतं तसंच, कोमट. पोरगी बरी हाय?”

“बरी आहे,” मी म्हटलं. “इलाहीभाई, माझी चूक झाली होती. येऊन सांगते.”

“या निवांत. पानी झाकून ठेवलंय.”

बायाक्कांनी दोर ओढून पोहरा वर घेतला, फुंकर मारून कंदील विझवला. चिंचेखाली पडलेलं एक बुटुक उचललं, फोडलं, आणि मी नको म्हणायच्या आत बोटाचं टोक रेवाच्या जिभेला लावलं. रेवाचा चेहरा सगळा नाकाभोवती गोळा झाला. एक डोळा मिटला. अंगावर शहारा आला. आणि मग तिने पुन्हा तोंड उघडलं, अजून हवं म्हणून.

“ह्याला आंबट म्हन्त्यात,” बायाक्का तिला म्हणाल्या. “आयला शिकीव.”

आम्ही घरी आलो. मी या वेळी चपला बाहेर काढल्या. माझ्या मघाच्या पावलांची माती माजघरात गोधडीपर्यंत उमटली होती. मी फडकं मागितलं तर त्यांनी दिलं नाही, आणि मी पाण्याच्या हंड्याजवळचं घेऊन पुसायला लागले तर अडवलंही नाही.

पुसता पुसता मी म्हटलं, “बायाक्का, मी सांगितलं नाही तुम्हाला.”

त्या चुलीपुढे बसल्या होत्या. राहिलेली भाकरी थापत होत्या.

“माजी आसती तर मी बी पळाले आस्ते,” त्या म्हणाल्या. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “पन हाक मारून पळाले आस्ते.”

त्या संध्याकाळी मी अहवालात सगळं लिहिलं, माझ्या नावासकट, विहिरीच्या नावासकट. निगुडकर सरांनी फोनवर बराच वेळ झापलं आणि मग इतक्या मोठ्याने सुस्कारा सोडला की मला तो पुण्यातून आल्यासारखा वाटला नाही. नियमावलीत दोन बदल झाले. आम्लाच्या बाटल्यांना लाल झाकणं आली. आणि विहिरीच्या पाण्यात शंका आली तर गावाला किती वेळात सांगायचं, तो वेळ दीड तासावरून पंधरा मिनिटांवर आला. दुसऱ्या बदलासाठी मला तीन मीटिंगांमध्ये भांडावं लागलं. भांडताना मी दर वेळी सतरा हा आकडा सांगायचे आणि तो कुठून आला हे कोणी विचारायचं नाही. रेवा आता सातवीत आहे. तो वायू अजून खालच्या खिडकीच्या वर आलेला नाही.

पण त्या दुपारचं अजून एक सांगायचं राहिलं.

अडीच वाजले होते. चौथ्या भरणाचं पाणी वर झाकून ठेवलेलं होतं, ते लगेच बाटल्यांत भरायला हवं होतं. एसटी केव्हाच गेली होती. मी सुजयला मेसेज केला, आईकडे जात नाहीये म्हणून. लाल बॅग स्कूटीवरून काढली आणि बायाक्कांच्या ओसरीवर, भिंतीला टेकवून ठेवली.

“ही राहू दे इथेच,” मी म्हटलं. “कपडे लागतील तिला.”

बायाक्कांनी मान हलवली.

मग मी रेवाला कडेवरून उतरवलं आणि खाली, जमिनीवर ठेवलं. शेणाने सारवलेल्या गार जमिनीवर. ती क्षणभर हातांवर डुलली, आणि मग चुलीच्या उजेडाकडे, बायाक्कांकडे, चपळ रांगत गेली. वीतभर उंचीवरून. मी तिथे उभी राहून तिला पोचेपर्यंत बघितलं.

“काय?” बायाक्का मागे न बघता म्हणाल्या.

“येते,” मी म्हटलं.